चौथ्या खड्ड्याची भिंत

माझ्या मावशीला टोकावरची सगळी माणसं वहिनी म्हणायची. वहिनी म्हणायला आधी भाऊ लागतो. तो भाऊ, म्हणजे माझे काका, मावशी सव्वीस वर्षांची असतानाच गेले. तरी हाक टिकली. पुढे पुढे जे लोक कामाला आले त्यांना वाटायचं, बाईंचं नावच वहिनी आहे. एका वर्षी हजेरीपटावरही कुणीतरी तेच लिहून ठेवलं आणि मावशीने मुकाट्याने त्याच्यापुढे सही केली.

टोक म्हणजे आमच्या गावाबाहेर समुद्रात घुसलेली जमीन. तिन्ही बाजूंनी खडक, वर सपाट माळ आणि माळावर गोड्या पाण्याचा एक झरा. हा झरा होता म्हणून तिथे माणसं राहिली. किती वर्षं राहिली, तर खोदकामाचे प्रमुख, मोठे सर, सांगायचे, सात हजार. वरच्या थरात एका पडक्या चौकीचे दगड, त्याखाली मासेमारांची घरं, त्याखाली राख आणि खापरं, त्याखाली माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा हात-दीड हात जाडीचा थर, आणि सगळ्यात तळाशी गारगोटीची पाती, अजून इतकी धारदार की उचलताना बोट कापायचं. मधे दोनशे-तीनशे वर्षं कुणी नसायचं. मग पुन्हा कुणीतरी यायचं आणि आधीच्यांच्या चुलीवरच चूल मांडायचं. दरवर्षी थंडीचे चार महिने पुरातत्त्व खातं तिथे खोदकाम चालवायचं आणि गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्या कामावर असायचं.

खोदणाऱ्यांत काका पहिल्या फळीतले. उंच, किडकिडीत, मान कायम खाली घातलेली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तसे दिसायचे, म्हणून सगळे त्यांना ओळंबा म्हणायचे. हात मात्र फार हलका. माती बदलली की डोळ्यांआधी त्यांच्या थापीला कळायचं. विनोद सांगायला घेतला की शेवट यायच्या आधी स्वतःच हसत सुटायचे, त्यामुळे त्यांच्या एकाही विनोदाचा शेवट कुणाला ठाऊक नाही. मावशी पाट्या वाहायची. खड्ड्यात काका पाट्या भरायचे, आणि बाकीच्या बायकांच्या पाट्या शिगोशीग भरून मावशीची पाटी काठोकाठच भरायचे. हे बायकांच्या लक्षात आलं, त्यांनी बोभाटा केला, आणि मग लग्न करण्यावाचून दोघांना गत्यंतर उरलं नाही, असं आई हसून सांगायची.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. हंगामाचे शेवटचे चार दिवस उरले होते. चौथा खड्डा चार मीटर खाली गेला होता आणि शिंपल्यांचा थर नुकताच उघडा पडला होता. मोठ्या सरांना तो थर त्याच वर्षी संपवायचा होता. भिंतीला टेकू नव्हते. वर काढलेली माती लांब नेऊन टाकायची, तर दर खेपेला पन्नास पावलं जायची. म्हणून ती काठालगतच टाकायची असं ठरलं. कुणी ठरवलं हे तेव्हा कुणी विचारलं नाही. बायकांना बरंच वाटलं, मान मोडायची कमी झाली. बघता बघता काठावर छातीएवढा ढीग झाला.

दुपारी साडेतीनला मावशीने एक पाटी त्या ढिगावर ओतली आणि पाठ फिरवली. तिसऱ्या पावलाला तिच्या टाचेखालची जमीन मऊ झाली. ती पुढे पडली. आवाज असा काही झाला नाही, असं तिने पुढे कधीतरी सांगितलं. पोतं सोडल्यासारखा झाला, तेवढाच. काकांबरोबर खाली असलेला दुसरा माणूस पाणी प्यायला शिडीने वर आला होता, तो वाचला. सगळ्यांनी हातांनी माती उकरली, कारण फावडं लागेल अशी भीती होती. वीस-बावीस मिनिटं लागली. काका सापडले तेव्हा थापी हातातच होती.

मी तेव्हा सहा वर्षांची. मला आठवतं ते एवढंच की मावशी आमच्या घरी आली ती रिकामी पाटी हातात घेऊन, आणि आईने ती तिच्या हातातून सोडवून घेतली.

मावशी रडली नाही. पहिले काही दिवस सगळ्यांनी वाट पाहिली. शेजारणी येऊन बसायच्या, आठवणी काढायच्या, स्वतः रडून मोकळ्या व्हायच्या आणि जाताना आईला बाजूला घेऊन सांगायच्या, तिला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल. आई म्हणायची, दगड झालीय. पण दगड म्हणावं तर मावशी सगळं करायची. वेळेवर उठायची, पाणी भरायची, माझी वेणी घालायची. प्रश्न विचारला तर बरोबर उत्तर द्यायची. विनोद केला तर तिला कळायचा, हे डोळ्यांवरून समजायचं, पण हसू ओठांपर्यंत पोचायचं नाही. एकदा इस्त्री करताना तिच्या मनगटाला इस्त्री टेकली. जळका वास कुठून येतोय ते मी तिला सांगितलं, तेव्हा तिने हात उचलला. "हो की," म्हणाली, आणि उरलेला परकर इस्त्री करून संपवला.

पुढच्या हंगामात ती कामावर हजर झाली. आईने विरोध केला, मुकादमाने नको म्हणून पाहिलं. मोठे सर म्हणाले, बसून करायचं काम द्या. ती म्हणाली, उभ्याने करायचं द्या. शेवटी तिला चाळणीवर घेतलं.

चाळणी म्हणजे तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेली लाकडी चौकट, खाली बारीक जाळी. खड्ड्यातली माती त्यात ओतायची आणि झोका दिल्यासारखी हलवायची. माती खाली जाते आणि खोदणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं सगळं वर राहतं: मणी, माशांचे काटे, गारगोटीच्या ढलप्या. मावशीची नजर घारीची झाली. माशाच्या डोक्यात कानाजवळ एक डाळीएवढा दगड असतो, त्यावर झाडासारखी वर्तुळं असतात आणि त्यावरून मासा कुठल्या ऋतूत धरला ते सांगता येतं. हे दगड जाळीवर खड्यांत मिसळून जायचे. मावशी ते चालत्या चाळणीतून वेचायची. कुठल्याशा विद्यापीठातून आलेले एक प्राध्यापक अर्धा दिवस तिच्याशेजारी उभे राहिले आणि त्यांना दोन सापडले. तेवढ्या वेळात मावशीला एकतीस सापडले होते. प्राध्यापक म्हणाले, यांचे डोळे आम्हाला द्या. मावशी म्हणाली, "घ्या."

हंगाम नसला की ती गावातल्या जुन्या गोदामात खापरं धुवायची. त्या गोदामाला आम्ही खापरखाना म्हणायचो. दाताच्या ब्रशने खापर घासायचं, सुकवायचं, कोपऱ्यात नेलपॉलिशचा पारदर्शक थेंब लावायचा, त्यावर बारीक निबाने नंबर घालायचा आणि वर पुन्हा एक थेंब. त्यासाठी नेलपॉलिशच्या बाटल्या डझनांनी लागायच्या. मावशी त्या आणायला गेली तेव्हा दुकानदाराने सगळीकडे सांगितलं की वहिनी आता सावरली, नटायला लागली. हे ऐकून एका गॅरेजवाल्याने, त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, मागणी घातली. माणूस भला होता. आईने मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "चालेल." आई आनंदली. जरा वेळाने मावशी म्हणाली, "नाही झालं तरी चालेल." गॅरेजवाला दोनदा घरी येऊन बसला, तिच्याशी बोलला आणि मग नम्रपणे निरोप पाठवला की भांडणारी असती तरी मी सांभाळली असती.

अशी एकोणीस वर्षं गेली. मोठे सर त्यांतली नऊ वर्षं होते. ते रोज एकदा चाळणीपाशी यायचे, चौकटीच्या लाकडावर हात ठेवून उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. त्यांच्यानंतर दोन-तीन साहेब येऊन गेले. सोळाव्या वर्षी मॅडम आल्या.

मॅडम चाळिशीच्या, लांबून बदलून आलेल्या. आवाज मोठा, काम चोख. पहिल्याच दिवशी त्यांनी मुकादमाला दोरी नीट बांधली नाही म्हणून सगळ्यांसमोर झापलं आणि संध्याकाळी स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याला दिलं. वहिनीच्या नवऱ्याचं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या गावात बाई विधवा म्हटली की लोक नवरा समुद्रात गेला असंच धरून चालतात. त्यांनीही तसंच धरलं असणार. जुने खोदणारे बहुतेक घरी बसले होते, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना वाटलं, मॅडमना माहीतच असेल. मलाही तसंच वाटलं. मी तेव्हा खापरखान्यात नोंदी टाईप करण्याच्या कामावर लागले होते.

एकोणिसाव्या वर्षी वादळात टोकाच्या समुद्राकडच्या बाजूचा मोठा तुकडा कोसळला. दोन बस उभ्या राहतील एवढी जमीन एका रात्रीत गेली. मॅडमनी ठरवलं की यंदा काठाजवळच खोदायचं, पुढच्या वर्षी ते असेल-नसेल. त्यांनी जुने अहवाल काढले. चौथ्या खड्ड्याच्या पानावर लिहिलं होतं की शिंपल्यांचा थर लागला, परंतु पाणी लागल्यामुळे काम थांबवण्यात आलं. म्हणजे तो थर तसाच होता. त्याला लागून नवा खड्डा घ्यायचा, जुन्याची एक बाजू कापायची, म्हणजे आयतीच उंच भिंत मिळेल आणि सगळे थर एकाखाली एक दिसतील.

खुंट्या ठोकल्या त्या दिवशी मावशी तिथेच होती. कुठे ठोकतायत ते तिने पाहिलं. मुकादमाने विचारलं, वहिनी, यंदा चाळणीवर का खड्ड्यात मदतीला? ती म्हणाली, कुठेही.

या वेळी मॅडम पायऱ्या-पायऱ्यांनी खोदत खाली उतरल्या होत्या, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू होते. महिन्याभराने भिंत तयार झाली. मग तिचं चित्र काढायचं काम आलं. ते असं करतात: भिंतीवर एक आडवी दोरी ताणायची, तिथून टेपने वर-खाली मापं घ्यायची आणि आलेखाच्या कागदावर प्रत्येक थराची रेघ काढायची. मॅडम शिडीवर, मावशी टेपचं टोक धरून खाली, आणि मी उलट्या बादलीवर बसून आकडे लिहून घेत होते.

सकाळभर सुरळीत चाललं. जेवणानंतर मॅडम भिंतीच्या डाव्या बाजूला आल्या आणि थांबल्या. त्यांनी पाण्याचा फवारा मारून माती ओली केली, म्हणजे रंग उठून दिसतात. मग स्वतःशीच बोलावं तशा बोलायला लागल्या. ही त्यांची सवयच होती.

"हे उलटं आहे बघा. वरची काळी माती खाली, तिच्यावर राखेची, आणि शिंपल्यांची सगळ्यात वर. म्हणजे हा थर नव्हे, हा काढून टाकलेल्या मातीचा ढीग. आधी निघालेली खाली, नंतरची वर. काठाला लागूनच ढीग घातला होता यांनी. ओझ्याने भिंत खाली आली आणि ढीग सगळाच्या सगळा आत घसरला. टेप धरा, वहिनी."

मावशीने टेप धरला. "एक मीटर वीस," तिने आकडा वाचला. मी लिहिला.

"चार मीटर खोल खड्डा, आणि काठावर ढीग! टाकणाऱ्यांना एवढी तरी अक्कल हवी होती."

"एक मीटर पंचेचाळीस," मावशी म्हणाली.

मला माहीत होतं, आणि तरी मी नुसते आकडे लिहीत राहिले. मावशीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी तिला गेली एकोणीस वर्षं पाहत होते तसाच तो होता.

मॅडम एक पायरी खाली उतरल्या. घसरलेल्या मातीच्या मधोमध त्यांना आणखी काही दिसलं होतं. वरून खालपर्यंत गेलेला एक वेडावाकडा खड्डा, विहिरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. त्यात पुढे भरलेली माती वेगळ्या रंगाची होती. त्यांनी थापीच्या टोकाने त्याची कड कोरून काढली.

"आणि हे मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "भिंत पडल्यावर लगेच कुणीतरी हे उकरलंय. कुदळीच्या, फावड्याच्या खुणा नाहीत. हातांनी उकरल्यासारखं आहे, आणि घाईत. अहवालात तर पाणी लागलं म्हणून काम बंद केल्याचं लिहिलंय. मग एवढ्या घाईने शोधत काय होते?"

"माणूस," मावशी म्हणाली.

मॅडमनी वळून पाहिलं.

"माझा नवरा होता खाली," मावशीने सांगितलं. पाण्याचा नळ किती वाजता येतो ते सांगावं, तशा आवाजात. "डावा हात आधी लागला. पुढचं माप घ्यायचंय का?"

मॅडम शिडीवरून उतरल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. वर चाळणीचा आवाज येत होता. मग त्यांनी मावशीची माफी मागितली, अक्कल काढली त्याबद्दल. मावशी म्हणाली, त्यात चुकीचं काही नाही, खरंच आहे. आणि मग तिने सगळं सांगितलं, साडेतीन वाजल्यापासून नव्हे, सकाळपासून. किती बायका होत्या, ढीग कसा वाढत गेला, मान दुखायची थांबली म्हणून सगळ्यांना कसं बरं वाटलं. शेवटी म्हणाली, "शेवटची पाटी माझी होती."

मी तिची भाची. तिच्याच खोलीत, तिच्याशेजारच्या कॉटवर एकोणीस वर्षं झोपले. तरी हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आईलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चित्र पुरं केलं. घसरलेल्या मातीला एक नंबर दिला, हातांनी उकरलेल्या खड्ड्याला दुसरा. नोंद लिहायला घेतली तेव्हा त्यांनी मावशीला खापरखान्यात बोलावून घेतलं आणि काय काय लिहू ते विचारलं. मावशीने तारीख सांगितली, वेळ सांगितली, एक माणूस गेला हे लिहा म्हणाली. ढीग काठापासून किती लांब होता तेही लिहा म्हणाली, वीतभरसुद्धा नव्हता.

"आणि पाट्या कुणी टाकल्या ते?" तिने विचारलं. "तेही लिहा ना."

"ते मातीत दिसत नाही, वहिनी," मॅडम म्हणाल्या. "मी मातीत दिसतं तेवढंच लिहिते."

मावशी उठून खापरं धुवायला गेली.

ती नोंद मीच टाईप केली. खात्यातून पत्र आलं की जुन्या अपघाताचा उल्लेख उत्खननाच्या अहवालात अप्रस्तुत आहे. मॅडमनी उत्तर पाठवलं की तो थर जमिनीत आहे, आणि जमिनीत आहे ते गाळायचा मला अधिकार नाही. पुन्हा पत्र आलं, पुन्हा उत्तर गेलं. दोन्हीकडची पत्रं मी फाईलला लावत होते. तिसऱ्या वेळी खात्याने नाद सोडला.

मॅडमचं तेवढ्याने समाधान झालं नाही. सुट्टीच्या दिवशी त्या मोठ्या सरांच्या घरी गेल्या. सर आता थकले होते, रोजच्या गोष्टी विसरायचे, पण चौथा खड्डा म्हटल्यावर त्यांना सगळं आठवलं. काही दिवसांनी सरांनी मावशीच्या नावाने पत्र पाठवलं. अक्षर थरथरतं होतं, म्हणून मावशीने ते मला वाचायला दिलं. आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो, मावशी भांडी विसळत होती, आई धान्य निवडत होती. पत्रात लिहिलं होतं की ढीग काठाला घालायचा हुकूम माझा होता. मुकादमाने एकदा नको म्हटलं होतं, मी त्याला म्हणालो, चारच दिवस उरलेत. अपघात लिहिला असता तर पुढच्या हंगामाची परवानगी मिळाली नसती, म्हणून पाणी लागलं असं लिहिलं. दोष बायकांकडे जात नाही, तुमच्याकडे तर मुळीच नाही. मी रोज हे सांगायला येत होतो आणि चाळणीला हात लावून परत जात होतो.

"बरं," मावशी म्हणाली. हात पुसून पत्र घेतलं आणि कपाटात ठेवलं. आईला वाटलं होतं, आता तरी काही होईल. काही झालं नाही. नंतर मी तिला एकदा म्हटलं, सरांनीच सांगितलं होतं ना तसं टाकायला, मग तुझा काय दोष? ती म्हणाली, सांगितलं त्यांनी असेल, हात माझे होते.

आठवडा गेला असेल. दुपारची वेळ, मावशी तशीच मोरीपाशी भांडी घासत होती. मधेच तिने घासणं थांबवलं. मग हातातलं ताट तिने भिंतीवर मारलं. स्टीलचं ताट, ते घरंगळत जाऊन दारात फिरत राहिलं.

"पाणी लागलं म्हणे!" ती म्हणाली. "थेंब नव्हता तिथे. कोरडी ठाक माती होती. नाकातोंडात कोरडी माती होती त्यांच्या, मी पुसली, मला विचारायला हवं होतं. पाणी लागलं म्हणून लिहून मोकळे झाले!"

आई दारात आली होती. ती ताट उचलायला वाकली नाही, मावशीकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत आमच्या घरात मावशीचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. मावशी धापा टाकत होती. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. थोड्या वेळाने स्वतःच जाऊन तिने ताट आणलं, पोचा आला होता, तो अंगठ्याने दाबून पाहिला आणि ताट पुन्हा घासलं.

त्यानंतर ती बदलली म्हणावं तर तसं नाही. पण तिला राग येऊ लागला. वेळ चुकवली की दूधवाल्याला बोलायची, उशी उसवली म्हणून माझ्यावर ओरडायची. आईला त्याचं इतकं कौतुक की ती मुद्दाम उलट बोलायची. एकदा दोघी बहिणी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून तासभर भांडल्या आणि नंतर आई मला हळूच म्हणाली, किती बरं वाटलं.

जुना मुकादम गुडघ्यांनी अधू झाला तेव्हा मॅडमनी त्याची जागा मावशीला दिली. बाई मुकादम म्हणून सुरुवातीला कुजबुज झाली, पण ती लवकरच मिटली, कारण मावशी कुणाचं ऐकायचीच नाही. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ती प्रत्येक खड्ड्याभोवती फिरायची, काठापासून चार पावलं मोजायची आणि तिथे चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या आत माती पडली तर तेवढ्यापुरतं सगळं काम थांबायचं. साहेब असो की पाहुणा, तिच्या रेघेवर कुणी उभं राहिलं तर ती त्याला दंडाला धरून मागे घ्यायची. बायकांच्या मानेला ओझं होतं, तर खेपा कमी घ्यायला लावायची, पाटी अर्धी भरायला लावायची, पण माती लांबच टाकायला लावायची. काम मंद चालतं म्हणून वरून दोनदा विचारणा झाली. मॅडमनी ती कागदं मावशीला दाखवलीसुद्धा नाहीत.

चौथ्या खड्ड्यातल्या शिंपल्यांच्या थरात मॅडमना हाडाची एक सुई मिळाली आणि एकावर एक मांडलेल्या सात चुली. त्यावर पुढे पुस्तक झालं. त्यात त्या भिंतीचं चित्र आहे, सगळे थर, नंबर घातलेले, आणि खाली दोन ओळींत तारीख, वेळ आणि एक माणूस. पुस्तक आलं तेव्हा मी ते पान मावशीला काढून दाखवलं. तिने चष्मा लावला, चित्र नीट पाहिलं, आणि म्हणाली की डाव्या बाजूची रेघ अर्धा सेंटीमीटर वर हवी होती, माप तिनेच सांगितलं होतं. मी माझी जुनी वही काढून पाहिली. तिचं बरोबर होतं.

पुढे पाच वर्षांत समुद्राने ती सगळी बाजू नेली. चौथा खड्डा, नवा खड्डा, झऱ्याकडची पायवाट, सगळं. मोठे सर त्याच्या आधीच गेले होते. मावशी गेली नाही त्यांच्याकडे, फुलंही पाठवली नाहीत, पण त्यांचं पत्र तिने फेकलं नाही. अजून कपाटात आहे.

गेल्या वर्षी खात्याने टोकावरचं काम कायमचं बंद केलं आणि कुंपण घातलं. शेवटच्या दिवशी छोटा समारंभ होता, जुन्या लोकांना शाली द्यायच्या होत्या, मॅडम मुद्दाम दुसऱ्या गावाहून येणार होत्या. मावशीचं नाव यादीत पहिलं होतं, आणि या खेपेला पूर्ण नाव होतं, आडनावासकट. पण त्याच सकाळी आईची दाढ काढायची वेळ ठरली होती. मी म्हटलं, दाढ उद्या काढू. मावशी म्हणाली, दुखतेय तिला. दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. दुपारी मी तिथे पोचले तेव्हा आई गालात कापूस धरून बाकावर बसली होती, आणि मावशी डॉक्टरांच्या मदतनीसाला सांगत होती की बाहेरच्या पायरीची फरशी हलते, कुणीतरी पडेल, आजच्या आज बसवून घ्या.